रोजचें बळ

(धर्मग्रामाच्या महोत्सवापूर्वीं भरलेल्या प्रार्थनासभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवसांत मोजदाद करण्याचा मोह अनावर असतो. आजवर किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, या धर्मग्रामांतून किती मुलगे धर्मगुरु झाले, किती मुली मठांत गेल्या, मनोऱ्याला किती खर्च आला व तो कोणीं सोसला, हें सर्व स्मरणिकेच्या इतर पानांवर यावयाचेंच आहे, आणि तें येणें योग्यच आहे. ज्यांनीं पोटाला चिमटा घेऊन या भिंतींसाठीं दगड वाहिले त्यांचा विसर पडणें हा कृतघ्नपणा होईल. परंतु आंकडे मोजतां मोजतां एक विचार हळूच मनांत शिरतो. तो असा कीं, आमच्या वाडवडिलांचा विश्वास दणकट होता म्हणून तो टिकला. आम्हीही तसेच दणकट राहिलों तर पुढेंही टिकेल. आज आम्हांस जें बोलावयाचें आहे तें या विचाराविरुद्ध आहे. साक्षीदार म्हणून आम्ही आपल्या वसईच्याच एका पुत्राला बोलावणार आहों, आणि त्याच्यामागून ज्या नागासाकी शहरांत त्यानें प्राण दिला तेथल्या इतर कांहीं माणसांनाही. त्यांतलीं कांहीं उभीं राहिलीं, कांहीं पडलीं, आणि कांहीं पडून पुन्हां उठलीं.

संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलें आहे, म्हणून तें थोडक्यांत सांगतों. त्यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईस झाला. वडील पोर्तुगीज, आई आपल्या कोंकणपट्टींतली. येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या सहवासांत त्यांचें बालपण गेलें, आणि १५७२ सालीं, वयाच्या पंधरासोळाव्या वर्षीं, ते जपानास पोहोंचले. तेथें त्यांनीं जपानी भाषा आत्मसात केली व सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघांत आपणांस घ्यावें अशी त्यांची फार इच्छा होती. ती पूर्ण झाली नाहीं. मग ते व्यापारांत पडले. व्यापारांत जम बसला, पण जीव रमला नाहीं. पुढें फिलिपाईन बेटांत, मनिला येथें, ते संत फ्रान्सिसच्या संघांत साधे धर्मबंधु म्हणून दाखल झाले, आणि १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून पुन्हां जपानास आले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याची मर्जी प्रथम चांगली होती; नंतर ती फिरली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्यांना वधस्तंभावर चढविण्यांत आलें. पोप महाराज नववे पायस यांनीं ८ जून १८६२ रोजीं त्या सव्विसांना संतपद दिलें.

चरित्रकार त्या नकाराच्या जागेवरून घाईनें पुढें जातात. आम्हांस मात्र तेथेंच थोडें बसावेंसें वाटतें. परकी भाषा अवगत, लोकांचा विश्वास संपादन केलेला, आठ वर्षें झिजलेला असा हा तरुण. काय कमी होतें त्यांच्यापाशीं? आणि तरीही ज्या एका दारांतून आंत जाण्याची त्यांना तळमळ होती तें दार उघडलें नाहीं. व्यापारांत मिळालेलें यश हें तर त्याहून मोठें संकट. देवानें नकार दिला म्हणून देवाला सोडणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. पण चार पैसे मिळूं लागल्यावर सोडणारीं त्याहून पुष्कळ अधिक पाहिलीं आहेत. तीं भांडत नाहींत, रागावत नाहींत. रविवारामागून रविवार हळूहळू दूर होतात. गोन्सालो या दोन्ही संकटांतून पार पडले. भाषा, ओळखी, हिशेबाची हातोटी, जें जें त्यांच्यापाशीं होतें तें सर्व घेऊन ते अशा ठिकाणीं गेले, जेथें त्यांना स्वतः वेदीपाशीं उभें राहून मिस्सा अर्पावयाची नव्हती, तर दुसऱ्याच्या बाजूला उभें राहून त्याचें बोलणें लोकांना समजावून द्यावयाचें होतें. दुभाष्याचें काम मोठें विलक्षण असतें. तोंड आपलें, शब्द दुसऱ्याचे. आपलें तोंड त्यानें चोख ठेवावयाचें, पण शब्द कोठून येतात हें क्षणभरही विसरावयाचें नाहीं. देवाच्या बळावर जगणें म्हणजे काय, याचा धडा त्यांना त्या कामानेंच दिला असावा असें आमच्या मनांत येतें.

३ जानेवारी १५९७ रोजीं क्योतो शहरांत त्यांच्या व सोबत्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला. मग ऐन हिवाळ्यांत, गांवोगांव लोकांना दाखवीत, त्यांना नागासाकीकडे नेलें. वाट सुमारें ८०० किलोमीटरांची, काळ जवळजवळ महिन्याचा. निघाले तेव्हां ते चोवीस होते. वाटेंत त्यांची शुश्रूषा करीत बरोबर चालणाऱ्या दोघां भाविकांनाही शिपायांनीं त्यांच्यांत ओढलें आणि संख्या सव्वीस झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, आणि बाकीचे सतरा संघाबाहेरचे साधे श्रद्धावंत. त्यांत कोणी सुतार, कोणी वैद्य, कोणी धनुष्यें करणारा. तीन तर मुलगेच होते. त्यांतला सर्वांत लहान लुईस. वय बारा वर्षें.

त्या वधस्तंभांवर खिळे नव्हते. गळा, मनगटें व पाय लोखंडी कड्यांनीं व दोरांनीं जखडलेले होते. अशा स्थितींत माणसाला हातसुद्धां जोडतां येत नाहींत. भाल्याची वाट पाहण्यापलीकडे त्याला करण्यासारखें कांहींच उरत नाहीं. येशूसंघाचे पौल मिकी यांनीं वधस्तंभावरून लोकांना उपदेश केला व मारणाऱ्यांना क्षमा केली. मुलांनीं स्तोत्र गाइलें. लुईसला धर्म सोडल्यास जीवदान देऊं केलें होतें आणि त्यानें तें नाकारलें असें सांगतात. आतां विचार करा, बारा वर्षांच्या मुलापाशीं स्वतःचें असें बळ तें किती असणार? आमच्या घरांतलें त्या वयाचें पोर रात्रीं पाणी प्यावयाला उठलें तर आईला हांक मारतें. तें बळ त्याचें नव्हतें. मागून मिळालेलें होतें, आणि त्या घटकेपुरतें मिळालेलें होतें.

याच्या उलट पेत्राची गोष्ट पाहा. बाकीचे सर्व अडखळले तरी मी अडखळणार नाहीं, असें तो शेवटच्या भोजनाच्या रात्रीं प्रभूला सांगून बसला. पेत्र भित्रा होता असें समजणें चुकीचें आहे. त्याच रात्रीं बागेंत शिपायांच्या घोळक्यापुढें तरवार उपसणारा तोच होता. धैर्य त्याच्यापाशीं खरोखरच होतें. पण तें त्याचें स्वतःचें होतें, आणि स्वतःचें म्हणून तें मोजकें होतें. तरवारीच्या वेळीं पुरलेलें धैर्य पुढें शेकोटीपाशीं, एका मोलकरणीच्या साध्या प्रश्नापुढें संपलें. आमचेंही असेंच होतें. मोठ्या प्रसंगीं आम्ही ताठ उभे राहतों, आणि कोणी चेष्टेनें एक शब्द बोललें कीं जेवणापूर्वीं क्रुसाची खूण करावयाला हात वर होत नाहीं. संत पौलाची गोष्ट वेगळी. त्याच्या अंगांत एक कांटा सलत होता. तो काढून टाकावा म्हणून त्यानें प्रभूची तीन वेळां विनवणी केली. कांटा निघाला नाहीं. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढेंच उत्तर मिळालें, आणि त्या उत्तरावर तो जन्मभर चालला.

आतां त्याच नागासाकी शहरांतील दुसरी एक हकीगत सांगतों. ती सहसा कोणी स्मरणिकेंत छापीत नाहीं.

निशिझाका टेकडीवरील त्या दिवसानंतर छत्तीस वर्षांनीं, १६३३ सालीं, जपानांतील येशूसंघीयांचे प्रमुख फादर क्रिस्तोव्हांव फेरेरा पकडले गेले. ते १६०९ सालीं त्या देशांत आले होते. १६१४ सालीं धर्मगुरूंना हद्दपार करण्याचा हुकूम सुटल्यावरही ते गेले नाहींत. जवळजवळ एकोणीस वर्षें लपतछपत त्यांनीं श्रद्धावंतांना संस्कार पोहोंचविले. केवढें हें धैर्य! ऑक्टोबर १६३३ मध्यें त्यांना खड्ड्याची शिक्षा देण्यांत आली. या शिक्षेंत माणसाचें अंग आवळून बांधून त्याला घाणीच्या खड्ड्यांत उलटें टांगीत. रक्त डोक्यांत सांचून तो लवकर मरूं नये म्हणून कपाळाला बारीक छेद देत. आणि धर्म सोडीत असल्याची खूण करतां यावी म्हणून एक हात मोकळा ठेवीत. सुमारें पांच तासांनीं फेरेरांनीं ती खूण केली. पुढें ते जपानी नांव धारण करून त्याच शहरांत राहिले, आणि ख्रिस्ती लोकांच्या चौकशांत राज्यकर्त्यांच्या उपयोगी पडले.

त्याच वेळीं, त्याच शिक्षेंत, फादर ज्युलियन नाकाउरा हेही होते. लहानपणीं जपानहून गोव्यावरून युरोपांत गेलेल्या चार कुलीन मुलांपैकीं ते एक. १५८५ सालीं ती मंडळी रोमला पोहोंचली तेव्हां नाकाउरा तापानें आजारी होते. १६३३ सालीं त्यांचें वय पासष्टीच्या आसपास होतें. त्या वयांत ते तशाच खड्ड्यावर टांगले गेले, आणि चौथ्या दिवशीं, २१ ऑक्टोबरला, विश्वास न सोडतां मरण पावले. २४ नोव्हेंबर २००८ रोजीं नागासाकींतच ख्रिस्तसभेनें त्यांना धन्य म्हणून घोषित केलें.

या दोघांना समोरासमोर उभें करून एकाची टवाळी करण्याचा आमचा हेतु नाहीं. फेरेरांवर दगड उचलण्याचा अधिकार आम्हांपैकीं कोणाला आहे? खड्ड्यांतले पांच तास राहोत, उन्हाळ्यांत मिस्सा अर्धा तास लांबली तर आम्ही घड्याळाकडे पाहूं लागतों. त्यांच्या अंतःकरणांत त्या पांच तासांत काय घडलें, आणि मरतेवेळीं काय घडलें, तें देव जाणे. परंतु बाहेरून दिसणारी एक गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं. एकोणीस वर्षांचें धैर्य पांच तासांसाठीं सांठवून ठेवतां आलें नाहीं. कालचें बळ आज चालत नाहीं. इस्राएल लोकांनीं रानांत मान्ना गोळा केला, तेव्हां ज्यांनीं आज्ञा मोडून तो दुसऱ्या दिवसासाठीं राखून ठेवला त्यांच्या भांड्यांत त्याला किडे पडले. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंतही आम्ही वर्षाचें धान्य मागत नाहीं, आजची भाकर मागतों. विद्वत्ता, पद, मागची पुण्याई, घराण्याची परंपरा, यांपैकीं कोणतीही गोष्ट त्या भाकरीच्या ऐवजीं चालत नाहीं. महोत्सव साजरा करणाऱ्या धर्मग्रामालाही चालत नाहीं.

हा प्रश्न ख्रिस्तसभेपुढें फार पूर्वींच आला होता. पांचव्या शतकाच्या आरंभीं पेलाजियस नांवाच्या एका तपस्व्याचें शिक्षण पसरलें. माणसानें मनावर घेतलें तर तो स्वतःच्या इच्छाशक्तीनें चांगला होऊं शकतो, असा त्याचा एकंदर आशय होता. संत ऑगस्तीननें त्याच्याशीं झुंज दिली, आणि ४१८ सालीं कार्थेज येथील धर्मसभेनें तें शिक्षण त्याज्य ठरविलें. ऐकावयाला तें शिक्षण काय वाईट होतें? आजही निम्मे लोक मनांतून तेंच मानतात. पण त्याचा शेवट काय होतो तें पाहा: जो जिंकतो तो गर्विष्ठ होतो, आणि जो हरतो तो निराश होतो. पुढें १५४७ सालीं त्रेंत येथील विश्वसभेनें संत ऑगस्तीनचाच विचार पुढें करून सांगितलें कीं, देव अशक्य गोष्टींची आज्ञा करीत नाहीं. आज्ञा करतांना तो जमेल तें करावयाला व न जमेल तें मागावयाला सांगतो, आणि तें जमावें म्हणून साहाय्यही देतो. तिनें आणखी एक गोष्ट सांगितली, ती तर आमच्या सर्व फुशारकीचा निकाल लावते. शेवटपर्यंत टिकून राहणें हें देवाचें दान आहे. तें आपणांस मिळणारच अशी छातीठोक खात्री कोणीं बाळगूं नये, आणि देवाच्या साहाय्यावर दृढ आशा मात्र प्रत्येकानें ठेवावी.

जमेल तें करावें, असें विश्वसभा म्हणते हें कृपा करून विसरूं नका. आपल्याकडे म्हण आहे, असेल माझा हरि तर देईल खाटल्यावरी. देवावर विसंबणें म्हणजे तें नव्हे. ज्या बापानें मुलाला धर्मशिक्षणाला कधीं पाठविलें नाहीं, तो मुलगा बिघडल्यावर देवाची इच्छा म्हणतो, तेव्हां तो देवावर विसंबत नसतो, आपला आळस देवाच्या गळ्यांत बांधीत असतो.

आपणांपैकीं वडीलधाऱ्या मंडळींस वाडींतला रहाट आठवत असेल. पंप आल्यापासून तो गेला. बैल फिरे, चाक फिरे, गाडगीं खालीं जात, भरून वर येत, पन्हळींत रिकामीं होत आणि पुन्हां खालीं जात. बैल थांबला तर पानवेल सुकून जाई. पण बैलानें पाणी निर्माण केलें असें कोणी म्हटलें तर पोरेंही हंसलीं असतीं. पाणी झऱ्याचें. आणि गाडग्याकडेही पाहा: वर आलेलें गाडगें कितीही काठोकाठ भरलेलें असो, पुढच्या फेऱ्याला तें रिकामेंच खालीं जातें. रिकामें गेल्याबद्दल त्याला लाज वाटण्याचें कारण नाहीं. तें भरलेल्या स्थितींत खालीं गेलें असतें तर त्याला नवें पाणी मिळालेंच नसतें. सकाळची प्रार्थना, पवित्र मिस्सा, पापनिवेदन, संध्याकाळची जपमाळ हे आमचे फेरे आहेत. ते चुकवूं नयेत, आणि त्यांचा अभिमानही धरूं नये.

पुन्हां नागासाकीला जाऊं या, कारण आमची मुख्य गोष्ट अजून राहिली आहे.

फेरेरांच्या पतनानंतर कांहीं वर्षांतच जपानांत एकही धर्मगुरु उरला नाहीं. दोनशें वर्षांहून अधिक काळ तेथील ख्रिस्ती लोकांना मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हतें, उघडपणें प्रार्थना म्हणण्याची सोय नव्हती. गरीब शेतकरी व कोळी लोक ते. नागासाकींत दरवर्षीं नव्या वर्षाच्या सुमारास सरकारी अधिकारी येत आणि प्रभूचें किंवा पवित्र मरियेचें चित्र जमिनीवर ठेवून त्याच्यावर पाय द्यावयाला लावीत. जो पाय देणार नाहीं तो ख्रिस्ती ठरे. आणि बंधुभगिनींनो, त्यांतले पुष्कळ जण पाय देत. ते गोन्सालो नव्हते, लुईसही नव्हते. ते पाय देत, घरीं येत, आणि दारें लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. धर्मगुरु नसतांना मनापासून पश्चात्ताप कसा करावा हें शिकविणारें एक लहानसें पुस्तक छळापूर्वीं, १६०३ सालीं, तेथें तयार झालें होतें. तें हातानें उतरून, पाठ करून, बापानें मुलाला व मुलानें नातवाला दिलें. पश्चात्तापाला ते जो शब्द वापरीत तो मूळचा पोर्तुगीज, कोंचिरिसान. आपल्यांतील एक जण बाप्तिस्मा देण्यासाठीं ते नेमून ठेवीत, दुसरा सणांचें पंचांग सांभाळी. एवढ्यावर दोन शतकें गेलीं.

गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांना १८६२ सालीं संतपद मिळाल्यावर फ्रेंच धर्मगुरूंनीं नागासाकींत ओउरा येथें परदेशीय लोकांसाठीं एक ख्रिस्तमंदिर बांधलें आणि त्याला त्या सव्वीस रक्तसाक्षींचें नांव दिलें. म्हणजे त्यांत आमच्या वसईकराचेंही नांव आलें. १७ मार्च १८६५ रोजीं उराकामी गांवचीं बारापंधरा माणसें त्या मंदिराच्या दाराशीं येऊन उभीं राहिलीं. फादर पेतीजां यांनीं दार उघडलें. ते वेदीपुढें प्रार्थना करीत असतां एका स्त्रीनें जवळ येऊन हलक्या आवाजांत सांगितलें कीं, आमचें अंतःकरण तुमच्यासारखेंच आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे असें विचारलें. छळ तेव्हां संपलेला नव्हता. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना त्यानंतरही हद्दपारी सोसावी लागली. १८७३ सालीं बंदी उठली. पण त्या दिवशीं दोनशें वर्षांचा हिशेब जगापुढें आला, आणि त्या हिशेबांत माणसाचें बळ कोठें सांपडत नाहीं. दरवर्षीं पडणारीं व दरवर्षीं रडून उठणारीं हीं माणसें. त्यांना कोणीं उभें ठेवलें? पेत्र त्या रात्रीं बाहेर जाऊन रडला; ज्यानें त्याला उठविलें त्यानेंच यांनाही उठविलें.

आमच्या वसईचीही अशीच कथा आहे, फक्त इतकी कठोर नाहीं. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज गेले, मोठमोठे मठ ओस पडले. आज किल्ल्यांत जाऊन पाहावें: मंदिरांच्या भिंती उभ्या आहेत, छपरें नाहींत, दगडांच्या फटींतून झाडांचीं मुळें उतरलीं आहेत. तट जाड होते, तोफा होत्या, पदरीं राज्य होतें. विश्वास मात्र तटाबाहेर टिकला, वाड्यांतून, भाताच्या खाचरांच्या बांधावर, होड्यांवर, आणि मागें राहिलेल्या थोड्याशा देशी धर्मगुरूंच्या पायपिटींत. आमचें हें ख्रिस्तमंदिर त्याच झऱ्याचें पाणी आहे.

हें सर्व आम्ही कोणासाठीं सांगितलें? खरें सांगावयाचें तर आज येथें पुढच्या बाकांवर बसलेल्या मंडळींसाठीं थोडें, आणि जो मागें खांबाआड उभा आहे, किंवा बाहेर आवारांत झाडाखालीं उभा राहून ऐकत आहे, त्याच्यासाठीं अधिक. दारू सोडण्याची शपथ त्यानें तीन वेळां घेतली, तीन वेळां मोडली. आतां तो शपथ घेत नाहीं आणि पापनिवेदनालाही येत नाहीं. कोणत्या तोंडानें जाऊं, असें म्हणतो. बाबा रे, तुझ्या शपथेंत खोट नव्हती. तूं ती मनापासून घेतली होतीस हें आम्ही जाणतों. पण ती तूं आपल्या मनगटावर घेतलीस, आणि मोडल्यावर तुला आश्चर्य वाटलें. आपण पडलों याचें ज्याला फार आश्चर्य वाटतें, त्यानें स्वतःला पडण्यापलीकडचा समजलेलें असतें. उराकामीच्या त्या म्हाताऱ्यांना दरवर्षीं आश्चर्य वाटलें नाहीं. दुःख मात्र झालें, आणि त्या दुःखासह ते देवापुढें गेले. यापुढें जन्मभराची शपथ घेऊं नकोस. आज संध्याकाळपर्यंतची माग. संध्याकाळीं रात्रीपुरती माग. जमेल तें कर: त्या गुत्त्याच्या रस्त्यानें जाऊं नकोस, पगार घरीं आणून बायकोच्या हातीं दे, मित्राला आपली अडचण सांग. न जमेल तें माग.

आणि घराघरांतून अशा स्त्रिया आहेत, ज्यांचा नवरा किंवा सासू वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळलेली आहे. त्या कोणाला कांहीं बोलत नाहींत. रात्रीं तीनदां उठावयाचें, सकाळीं पुन्हां कामाला लागावयाचें, आणि मधूनच मनांत असा विचार येतो कीं आतां हें संपलें तर बरें. मग त्या विचाराचीच भीति वाटते. अशा बाईला लोक म्हणतात, तुझी शक्ति मोठी हो! आम्ही तसें म्हणणार नाहीं. तिच्यापाशीं शक्ति उरलेली नाहीं हें तिला पक्कें ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती या सबंध धर्मग्रामांत झऱ्याच्या सर्वांत जवळ आहे. तिच्या शेजाऱ्यांनीं मात्र तिची स्तुति थांबवावी आणि आठवड्यांतून एक रात्र त्या रोग्यापाशीं बसावें. देवाचें बळ पुष्कळदां शेजारणीच्या पायांनीं चालत येतें.

उद्यां सायंकाळीं पांच वाजल्यापासून येथें तीन धर्मगुरु पापनिवेदन ऐकण्यास बसतील. त्यांतले दोघे बाहेरगांवचे आहेत. ज्यांना ओळखीच्या कानांत सांगण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठीं मुद्दाम त्यांना बोलाविलें आहे. रात्रीं उशीर झाला तरी शेवटचा माणूस होईपर्यंत ते उठणार नाहींत. घरीं अंथरुणावर असलेल्यांचीं नांवें आज निघतांना दाराशीं द्यावीं. परवां सकाळच्या मिस्सेनंतर धर्मगुरु पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन त्यांच्या घरीं जातील.

आतां ज्यांना शक्य आहे त्यांनीं गुडघे टेकावे, इतरांनीं बसूनच राहावें. संत गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांच्या मध्यस्थीनें, आजच्या रात्रीपुरतें बळ आपण मागूं या.